यंत्र बदललें, पण पुस्तकांचें काय?

अलीकडे आपल्या सोलापुरांतहि कांहीं घरांतून कागदी पुस्तकांच्या जोडीला वाचनयंत्र, म्हणजे ज्यास ई-रीडर म्हणतात तें, दिसूं लागलें आहे. पाटीहून लहान अशा या यंत्रांत शेंकडों पुस्तकें मावतात. अक्षर हवें तेवढें मोठें करतां येत असल्यामुळें आजी-आजोबांसहि तें सोयीचें पडतें. आणि त्याचा पडदा छापील कागदासारखा दिसतो. हे गुण कोणीहि नाकबूल करणार नाहीं. परंतु पहिलें यंत्र जुनें झालें, अथवा दुसऱ्या कंपनीचें अधिक चांगलें वाटलें, म्हणून तें बदलावयाचें ठरविलें कीं एक प्रश्न उभा राहतो. आणि खरेदीच्या वेळीं त्याचा विचार फारच थोडे पालक करितात. यंत्र बदललें, तर घेतलेल्या पुस्तकांचें काय?

सोलापुरी चादर कोणत्याहि दुकानांतून घेतली तरी ती कोणत्याहि पलंगावर अंथरतां येते. ई-पुस्तकाची गोष्ट तशी नाहीं. अमेझॉन कंपनीचें किंडल यंत्र २००७ सालीं निघालें, व २०१६ सालीं त्या कंपनीनें मराठी ई-पुस्तकांचें दालन उघडलें. कॅनडांत जन्मलेल्या कोबो कंपनीचीं यंत्रें ईपब नांवाच्या खुल्या पद्धतीचीं पुस्तकें वाचतात. परंतु दोन्ही दुकानांतील पुष्कळ पुस्तकांस कुलूप असतें, आणि एकाचें कुलूप दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नाहीं. किंडल सोडून कोबो घेणाऱ्याचीं अशीं पुस्तकें व त्यांवरील टिपणें मागेंच राहतात.

याचें कारण असें कीं, आपण पुस्तक विकत घेतलें असें समजतों. वस्तुतः आपणांस मिळते ती केवळ वाचण्याची परवानगी. २००९ सालीं जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या अमेझॉननें वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकानच बंद केलें, व विकलेलीं पुस्तकें वाचेनाशीं झालीं. दोन्ही वेळां पैसे परत मिळाले हें खरें. पण कोणी घरांत शिरून फडताळांतील पुस्तक उचलून नेलें व मेजावर पैसे ठेविले, तर आपण त्यास भला व्यवहार म्हणूं काय? पुढें २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलचें पुस्तक संगणकावर उतरवून घेऊन तारेनें यंत्रांत घालण्याची सोयहि अमेझॉननें बंद केली.

वाचनाचें साधन बदलण्याचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे मोडी लिपी शाळांतून शिकवीत असत. ती मागें पडली, आणि आज कित्येक घरांतील जुने कागद घरच्याच मंडळींस वाचतां येत नाहींत. तरीहि ते कागद पेटींत आहेत. मोडी जाणणारा मनुष्य भेटला कीं ते पुन्हां बोलूं लागतात. कुलूपबंद पुस्तकाचें तसें नाहीं. तेथें अक्षर ओळखीचें, भाषा आपली, वाचणाराहि तयार. केवळ कंपनीची संमति नाहीं म्हणून तें मुकें राहतें.

कोणी म्हणेल, कुलूप नसेल तर लोक पुस्तकें चोरतील व लेखक उपाशी मरेल. लेखकास मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्यानें तो मोबदला प्रामाणिकपणें दिला, त्यासच आपलें पुस्तक आपल्या दुसऱ्या यंत्रावर नेण्याची बंदी असावी, हा न्याय नव्हे. दर जून महिन्यांत थोरल्या भावाचीं पुस्तकें धाकट्याकडे जातात. तोच मार्ग ई-पुस्तकास बंद असेल, तर तें स्वस्त मिळालें तरी महागच म्हटलें पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, यंत्र घेतांना केवळ किंमत व चकाकी न पाहतां तें खुल्या पद्धतीचीं पुस्तकें वाचतें काय, हें आधीं विचारावें. बदल करावयाचाच असेल तर प्रथम आपल्या पुस्तकांची यादी करावी, टिपणें वहींत उतरवून घ्यावीं, आणि जुनें यंत्र चालत असेल तोंवर टाकूं नये. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफ रूपानें विनामूल्य मिळतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें साहित्य कायद्यानेंच सर्वांचें होतें. हरि नारायण आपटे व साने गुरुजी यांचें लेखन आज असें मोकळें आहे. यांसाठीं कोणाच्या कुलपाची गरज नाहीं.

आणि जें पुस्तक पुढच्या पिढीस द्यावेंसें वाटतें, तें कागदावरच घ्यावें. बाकीच्यांसाठीं आपल्या गांवांत हिराचंद नेमचंद वाचनालयासारखीं वाचनालयें आहेतच. विद्यार्थिमित्रहो, यंत्र कोणत्याहि कंपनीचें असो. पण पुस्तकाची किल्ली वाचणाऱ्याच्या हातीं असावी, एवढा आग्रह तुम्ही अवश्य धरा.