आशेचाही ताळेबंद असतो

समाजाच्या भवितव्याचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत एकच सूर लागतो, ‘आता काही खरे नाही.’ भ्रष्टाचार, व्यसने, ओस पडणारी खेडी, तळ गाठलेल्या विहिरी... यादी खोटी नाही. परंतु ती वाचून झाली की बोलणारा उठून घरी जातो. निराशेची खरी सोय येथे आहे. काहीच होणार नाही हे एकदा ठरले की काही करण्याचे दायित्वही उरत नाही.

अशा वेळी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पुन्हा पाहायला हवे. पर्जन्यछायेतील हे गाव. १९७२ च्या दुष्काळाने त्याचा कणा मोडला. डोंगर उघडेबोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली आणि मागे राहिलेल्यांना दारूने घेरले. १९८९ मध्ये पोपटराव पवार हा वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर तरुण सरपंच झाला, तेव्हा आशा बाळगावी असे गावात फारसे काही शिल्लक नव्हते.

तरीही काम सुरू झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर समपातळी चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लागली. हळूहळू विहिरींना पाणी आले आणि खरी परीक्षा तेव्हाच सुरू झाली. हाताशी पाणी असताना ऊस लावण्याचा मोह कोणाला होत नाही? गावाने मात्र शेतीसाठी बोअरवेल घेण्यास मनाई केली आणि ऊस, केळी ही पिके वर्ज्य मानली. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि मगच पिके ठरवायची, ही रीत पडली. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली असलेल्या १६८ कुटुंबांपैकी २०१० पर्यंत अवघी ३ उरली. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे : असे गाव एखादेच, आणि तेथे तसा नेता होता. आक्षेपात तथ्य आहे. याच महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे विसरता येणार नाही. परंतु नेता कितीही मोठा असला, तरी कुऱ्हाड खाली ठेवणारे हात त्याचे एकट्याचे नसतात. चार पैसे जास्त देणारे पीक सोडून ग्रामसभेचा निर्णय पाळणारा शेतकरी हा त्या परिवर्तनाचा खरा आधार होता. असा सामान्य माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला हाक देणारे आणि ती हाक वर्षानुवर्षे निभावणारे कमी पडतात.

ज्याचा उद्यावर विश्वास नाही, तो आजच सारे उपसून घेतो. ज्याचा आहे, तो पुढच्या पिढीसाठी राखून ठेवतो. म्हणून समाजाची आशा त्याच्या भाषणांतून मोजता येत नाही. स्वतःच्या लाभावर त्याने किती मर्यादा घालून घेतली, यावरून ती मोजावी लागते. ‘काही खरे नाही’ असे म्हणणाऱ्याला एवढेच विचारावे : उद्यासाठी आपण काय शिल्लक ठेवले आहे?