उघड्या टपाचे आंधळे कोपरे

टप उघडा म्हणजे दृष्टी मोकळी, असा मोटारींच्या शौकिनांचा एक गोड समज आहे. सिनेमाने तो भरपूर जोपासला. नायक गॉगल चढवतो, नायिकेचा रुमाल वाऱ्यावर फडफडतो आणि मोटार सुसाट निघते. पण लेन बदलण्यापूर्वी नायकाने मान वळवून मागे कोण आहे हे पाहिल्याचे माझ्या तरी स्मरणात नाही! कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि पाहण्याचा अधिक आहे, म्हणून हे धाडस.

माझे मामा कॅलिफोर्नियात असतात. त्यांच्याकडे माझ्दाची जुनी एमएक्स-५ मियाटा आहे. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही दोन आसनांची मोटार प्रथम लोकांपुढे आली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख मोटारी तयार झाल्या. उंची जेमतेम चार फूट. शेजारी बसलो की ट्रकचे चाक आपल्या कानाशी येते. टप खाली असताना खरोखरच आभाळ, डोंगर, मागचा रस्ता, सारे दिसते. पण पाऊस आला, थंडी पडली, की तोच टप वर चढतो आणि मोटारीचा स्वभाव पालटतो. साध्या मोटारीला मागच्या कोपऱ्यांत जिथे काच असते, तिथे येथे कापड येते. त्या पहिल्या पिढीत मागची खिडकीही प्लास्टिकची होती. काच आली ती १९९८ च्या सुमाराच्या दुसऱ्या पिढीत. प्लास्टिक उन्हाने धुरकटते, हा त्या पदार्थाचा धर्मच आहे.

ज्याला इंग्रजीत ब्लाइंड स्पॉट म्हणतात, त्याला मी आंधळा कोपरा म्हणतो. जे आरशातही नाही आणि डोळ्याच्या कडेलाही नाही, ते या कोपऱ्यात असते. एक अख्खी मोटारसायकल, स्वारासकट, त्यात मावते. शिवाय अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असावा असा नियम आहे. सपाट आरशात अंतर खरे दिसते, पण दिसतो तो रस्त्याचा चिंचोळा तुकडा.

यावर जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने १९९५ साली एका निबंधात सोपा उपाय मांडला. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याने डोके डाव्या काचेला टेकवावे आणि आपल्या मोटारीची कड जेमतेम दिसेल इतका डावा आरसा बाहेर वळवावा. मग मोटारीच्या मध्यावर झुकून उजवा तसाच लावावा. (काच उतरवलेली असेल तर डोके कशाला टेकवायचे, हा प्रश्न उघड्या मोटारवाल्यांनी आपापसात सोडवावा.) असे केले की मागून येणारे वाहन मधल्या आरशातून बाजूच्या आरशात आणि तिथून थेट डोळ्याच्या कडेला येते, मध्ये हरवत नाही. उपाय उत्तमच आहे. पण त्यात एक गृहीत आहे: मधल्या आरशाला मागचा रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. टप चढवलेल्या मोटारीत नेमके तेच लंगडे पडते. तेव्हा आरसे बाहेर वळवूनही मान वळवणे सुटत नाही. आणि मान वळवून कापडच दिसत असेल तर कंबरेतून थोडे पुढे झुकावे, म्हणजे त्याच आरशात वेगळा तुकडा दिसतो. हा व्यायाम शोभिवंत नाही, पण स्वस्त आहे.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हा आणखी एक त्रास. मोटार उलटली तर छताचा आधार नसतो, म्हणून हे खांब भक्कम करावे लागतात. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. खांब त्याहून रुंद झाला की त्यामागचा काही भाग दोन्ही डोळ्यांना दिसत नाही आणि चौकात एखादा सायकलवाला तिथेच असतो.

परंतु माझे खरे म्हणणे पुढेच आहे. आपल्याला काय दिसत नाही याचीच चर्चा सारे करतात. आपण कोणाला दिसत नाही, हे कोणी विचारीत नाही. ३० सप्टेंबर १९५५ रोजी संध्याकाळी कॅलिफोर्नियात चोलामेजवळ नट जेम्स डीन आपल्या उघड्या पोर्शे ५५० स्पायडरमधून जात होता. समोरून आलेली फोर्ड डावीकडे वळली आणि टक्कर झाली. डीन गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. फोर्ड चालवणाऱ्या तरुण विद्यार्थ्याने, आपल्याला ती मोटार दिसलीच नाही, असे सांगितले. लोक आजही डीनच्या वेगावर वाद घालतात. मला मात्र त्या बुटक्या, रुपेरी मोटारीचा आणि मावळतीच्या प्रकाशाचा विचार पडतो.

हल्ली आरशात पिवळा दिवा लागतो आणि बाजूला वाहन असल्याचे सांगतो. चांगली सोय आहे. पण माझ्या मोटारीतला दिवा माझ्या कोपऱ्यातला माणूस दाखवतो. मी ट्रकवाल्याच्या कोपऱ्यात बसलो आहे, हे तो मला सांगत नाही. तिथे ट्रकच्या आरशात चालकाचे तोंड दिसते का, एवढेच पाहावे. दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. मागे राहावे किंवा चटकन पुढे जावे, त्याच्या बरोबरीने रेंगाळू नये.

आणि विक्रेत्यांना माझी एक सूचना आहे. गिऱ्हाइकाला अशी मोटार दाखवताना टप खाली करून दाखवतात, हरकत नाही. पण पैसे घेण्यापूर्वी टप चढवावा, गिऱ्हाइकाला आत बसवावे आणि दुकानातल्या एका पोऱ्याला सायकल घेऊन मोटारीभोवती सावकाश फेरी मारायला सांगावे. पोरगा कुठे कुठे नाहीसा होतो, ते गिऱ्हाइकाने बोट दाखवून सांगावे.