उघडी तोटी

थेंबे थेंबे तळें सांचे, ही म्हण आपण लहानपणापासून पाठ म्हणतों. परंतु ती आचरणांत कितीजणांच्या आली आहे? सन २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेस महापूर आला, तेव्हां कोल्हापुरांत चोहोंकडे पाणीच पाणी होतें. पण उपसा केंद्रेंच बुडाल्यामुळें नळ कोरडे पडले आणि टँकर आला कीं घागरी घेऊन धांवावें लागलें. त्या दिवसांत पाण्याचें मोल सर्वांस कळलें. पूर ओसरतांच तें विसरलेंही गेलें!

हिशेब साधा आहे. सेकंदास एक थेंब गळणारा नळ दिवसाकांठीं सुमारें २० लिटर पाणी गमावितो. उलटपक्षीं, १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी हातीं येतें. १९६२ सालीं स्थापन झालेल्या येथील शिवाजी विद्यापीठानें आपल्या विस्तीर्ण आवारांत तळीं राखून पावसाचें पाणी सांठविलें आहे. मग वसतिगृहांत तोटी उघडी टाकून दांत घासणाऱ्या विद्यार्थ्यानें 'मी एकटा काय करणार?' असें म्हणावें काय?

तोटी आवळणें, धुण्याचें उरलेलें पाणी झाडांस घालणें, ताटांत हवें तेवढेंच वाढून घेणें, पाठकोऱ्या कागदांवर गणितें सोडविणें, खोली सोडतांना दिवा मालविणें, यांस पैसा लागत नाहीं. लागते ती संवय. आणि आमच्या मतें ती विद्यालयांतच लागली पाहिजे. कारण आज जे हात तोटी उघडी टाकतात, त्यांच्याच हातीं उद्यां नगराचा कारभार जाणार आहे.