मीटर ६५ दाखवतो, भिंत मात्र हादरते

डोंबिवलीत विसर्जनाच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा थरथरतात, मांडणीवरची स्टीलची भांडी वाजू लागतात, आणि पोलिसाच्या हातातला डेसिबल मीटर सांगतो की आवाज मर्यादेत आहे. मीटर बिघडलेला नसतो. खोट आहे ती मोजण्याच्या नियमात. आणि त्या खोटीच्या आडोशाने ठाण्यापासून कल्याणपर्यंतची मंडळं आमच्या म्हाताऱ्यांच्या छातीवर ठोके घालतात.

मी तक्रार करायला खाली उतरलो की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘काका, स्पीकरचं तोंड तिकडे केलंय.’ हे उत्तर देणाऱ्याने शाळेत तरंगांचा धडा शिकलेला असतो, तरी तो ते देतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. डीजेचा जो ठोका पोटात जाणवतो तो साधारण ५० हर्ट्झचा, म्हणजे त्याची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंतही एवढी मोठी नसते. उगमापेक्षा लाट लांब असली की ती एका दिशेला जात नाही, चहूकडे पसरते. वाटेतल्या कोपऱ्याला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरते. तोंड फिरवून अडते ती सनई. ठोका अडत नाही.

दुसरा सल्ला असतो, खिडक्या लावून घ्या. भिंत आणि काच बारीक आवाज बऱ्यापैकी अडवतात. पण वारंवारता निम्मी झाली की त्यांची अडवण्याची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणून बंद घरात गाण्याचे शब्द पोचत नाहीत, नुसती धडधड पोचते. आत आल्यावर तर ती आणखी माजते. आपल्या जुन्या इमारतींतली खोली दहा-बारा फुटांची. त्या लांबीत ५० हर्ट्झच्या आसपासची अर्धी लाट नेमकी बसते आणि खोली अनुनादाने घुमू लागते. दाब सर्वांत जास्त कुठे? भिंतीलगत. आजाऱ्याची खाट आपण भिंतीलाच लावतो. रस्त्यावरही तेच हाल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. फडके रोडवर किंवा नौपाड्याच्या गल्ल्यांत दोन्हीकडच्या इमारती तो परतवत राहतात, त्यामुळे तो इतका उतरतच नाही.

आता नियम बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत. ध्वनिक्षेपकाच्या जागेच्या हद्दीवर याहून १० जास्त चालतात, म्हणजे दिवसा ६५. पण हे डेसिबल ‘ए’ मापनाचे आहेत. या मापनाचं मूळ १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी काढलेल्या श्रवणवक्रांत आहे, आणि त्यातला हलक्या आवाजासाठीचा वक्र इथे वापरला आहे. हलका आवाज असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ‘ए’ मापन ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा करतं. ९५ डेसिबलचा ठोका मीटरवर ६५ होतो. दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट, हे लक्षात घेतलं तर हजारातले ९९९ भाग कागदावरून पुसले गेले. प्रचंड आवाजात कान खर्जाला इतकी सूट देत नाही, आणि छातीचा पिंजरा तर मुळीच देत नाही. तरीही हेच माप डीजेला लावायचं, हा नागरिकांशी केलेला लबाडपणा आहे.

ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांनी वर्षानुवर्षं कोर्टात झगडून ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून निकाल मिळवला. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ध्वनिक्षेपक वापरणं हा मूलभूत हक्क नाही, असं बजावलं. लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, केंद्राने नियम बदलला: सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय इस्पितळाभोवतीची जागाही शांतता क्षेत्र ठरणार नाही. एका डॉक्टरने मिळवलेलं असं सरकारी शाईने पातळ केलं गेलं, आणि आमच्या नगरसेवकांपासून खासदारांपर्यंत ज्यांचे फोटो मंडळांच्या कमानींवर झळकतात त्यांना त्याची लाज वाटली नाही.

उपाय महाग नाही. चांगल्या मीटरवर ‘सी’ मापनाची सोय असतेच. ते ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल वजा करतं. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि त्या कागदावर अटी घातल्या जातातच. त्यात एक ओळ वाढवा: खर्ज ‘सी’ मापनावर मोजला जाईल, आणि तोही तक्रारदाराच्या घरात, खिडक्या लावून. येत्या गणपतीच्या परवान्यांवर ही ओळ नसेल, तर ती कुणी गाळली त्या अधिकाऱ्याचं नाव आम्हाला कळलं पाहिजे.