पिशवी काढण्याआधी

अंगावरून जास्त जाते म्हणून गर्भाशय काढणे हा शेवटचा उपाय. बीडमध्ये तो सर्रास झाला. 2019 च्या शासकीय पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खरे तर आधी कारण शोधायचे: गर्भधारणा, गाठ, थायरॉईड, चाळिशीनंतर कर्करोगही. तसे काही नसेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी बहुतेकींचा रक्तस्राव आटोक्यात येतो. पालघरमधल्या जामसर गावच्या बाईने उपचारासाठी तालुक्याच्या जव्हारला खेपा किती घालायच्या, एकदाच काढून टाकलेले बरे, असा यावर युक्तिवाद होतो. खेपांचा त्रास खराच, पण अंतर हा आजार नव्हे. शिवाय सोबत अंडाशयही गेले, तर ऐन तरुणपणी हाडे ठिसूळ होऊ लागतात. हिमोग्लोबिनची तपासणी आणि या गोळ्या आरोग्य विभागाने गावाजवळच्या केंद्रातच द्याव्यात.