वीज उन्हाची, जागा कुणाची?

सौर ऊर्जेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. म्हणूनच तिच्या जागेबद्दल बोलायला हवे. जमिनीवर एक मेगावॅटचा प्रकल्प उभारायला साधारण चार ते पाच एकर लागतात. ही जागा शोधताना नजर गावाच्या गायरानाकडे जाते. महाराष्ट्रातही सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. कागदावर ती जमीन पडीक दिसते; पण ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याच्या शेळ्या तिथेच चरतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नवा सर्व्हर मागण्याआधी आहे तो पुरेपूर वापरला जातोय का, हे आम्ही तपासतो. जमिनीलाही हाच नियम लावायला हवा.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासन येथे २०१२ मध्ये नर्मदेच्या शाखा कालव्यावर सुमारे ७५० मीटर लांबीत पॅनेल बसवले आणि एक मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. तेलंगणातील रामगुंडमला एनटीपीसीच्या जलाशयावर १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प २०२२ पासून पूर्ण क्षमतेने सुरू आहे.

यात फक्त जमीन वाचते असे नाही. सावलीमुळे पाण्याची वाफ कमी होते. शिवाय पॅनेल तापले की वीज घटते: २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. पाण्यावर पॅनेल थोडे थंड राहते, म्हणून तेवढ्याच उन्हात जास्त वीज मिळते.

अडचणीही आहेत. कालव्यावरचा लोखंडी सांगाडा महाग पडतो, खालचा गाळ काढणे अवघड होते. जलाशयावर मासेमारांचे पोट असते. त्यांना न विचारता पाणी झाकले, तर गायरानावर झालेला अन्यायच पाण्यावर होईल.

म्हणून सुरुवात अशा जागांपासून करू, जिथे कुणाची रोजीरोटी जात नाही: पार्किंगची शेड, एसटी डेपो, शाळेची गच्ची, शादीखान्याचे छत. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या किती सोसायट्यांनी त्यासाठी अर्ज केला?

मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यातल्या अशा छतांची यादी करा, मापे घ्या, अर्ज भरा. आणि ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव आला, तर हात वर करून एवढेच विचारा: गावातली सगळी सरकारी छते वापरून झाली का?