स्प्रेडशीट म्हणजे फक्त एक्सेल नव्हे! तुमच्या हिशेबासाठी कोणती योग्य?

सोसायटीचा मेंटेनन्स, बचत गटाची वसुली, वर्गातल्या मुलांची यादी, गणेश मंडळाची वर्गणी... हे सगळं आता वहीतून मोबाइलमध्ये आलं आहे. ज्या फाइलमध्ये ते असतं तिला आपण सरसकट ‘एक्सेल’ म्हणतो. ‘एक्सेल पाठव’ म्हटल्यावर समोरून गुगल शीटची लिंक आली तरी कुणाला वावगं वाटत नाही. झेरॉक्सचं झालं तेच इथेही झालं. नाव चुकलं म्हणून बिघडत काही नाही. पण फाइल नेमकी कुठे राहते, ती कोण उघडू शकतं आणि कोण बदलू शकतं, हे प्रकारानुसार ठरतं. आणि त्या फाइलमध्ये अनेकदा शेजाऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात.

स्प्रेडशीट म्हणजे नेमकं काय?

हिशेबाच्या वहीची समोरासमोरची दोन पानं व्यापणारा मोठा तक्ता, यावरून हे नाव आलं. आपल्याकडची खतावणी आठवा. उभे रकाने, आडव्या ओळी आणि त्यांच्या छेदात तयार होणारी चौकट, म्हणजे सेल. रकान्याला अक्षर आणि ओळीला क्रमांक असल्यामुळे प्रत्येक सेलला ‘बी-२’सारखा पत्ता मिळतो.

खरी गंमत या पत्त्यात आहे. समजा, ४० फ्लॅटच्या सोसायटीत मेंटेनन्स महिना १,८०० रुपये आहे. हा दर एका सेलमध्ये लिहिला आणि बाकी हिशेब त्या सेलच्या पत्त्यावरून मांडला, तर एकूण येतील ७२,००० रुपये. उद्या सभेत दर २,००० ठरला, तर एकच आकडा बदलायचा. सगळी पत्रकं आपोआप बदलतात आणि एकूण ८०,००० होतं. पण अनेक जण प्रत्येक ओळीत १,८०० टाइप करतात आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर करून खाली लिहितात. ती स्प्रेडशीट नव्हे, रेघा मारलेला कागद झाला.

ही कल्पना संगणकावर पहिल्यांदा लोकप्रिय केली ती १९७९ मधल्या ‘व्हिझिकॅल्क’ने. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ते अ‍ॅपल-२ या संगणकासाठी बनवलं. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आलं. एक्सेलचा जन्म १९८५ चा आणि तोही विंडोजवर नाही, तर अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशवर!

कोणते प्रकार आहेत?

पहिला प्रकार आपल्या संगणकात राहणारा. मायक्रोसॉफ्ट एक्सेल यात सर्वांत ताकदवान आहे, हे मान्यच करायला हवं. सीएचं ऑफिस, बँक, कंपनी अशा ठिकाणी नोकरी करायची असेल, तर ते शिकण्याला पर्याय नाही. एका पानात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. मात्र, ते विकत घ्यावं लागतं. गल्लोगल्ली ‘टाकून मिळणारी’ क्रॅक कॉपी हा त्यावरचा उपाय नाही. तिच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो.

त्याऐवजी लिब्रेऑफिसचं ‘कॅल्क’ वापरा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि एक्सेलच्या फाइलही उघडतं. अवघड मॅक्रो असलेल्या फाइल कधी कधी अडतात, पण सोसायटीच्या हिशेबात मॅक्रो असतात कुठे?

दुसरा प्रकार इंटरनेटवर राहणारा. गुगल शीट्स २००६ मध्ये आलं. मोबाइलवर मोफत चालतं, चार जण एकाच वेळी लिहू शकतात, कुणी काय बदललं हे ‘व्हर्जन हिस्टरी’त दिसतं आणि जुनी प्रत परत आणता येते. खजिनदार बदलला तरी हिशेब हरवत नाही. चेन्नईच्या झोहो कंपनीचं ‘झोहो शीट’ही याच जातीचं. आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅपलचं ‘नंबर्स’ आहे. दिसायला देखणं, पण गटातल्या बाकीच्यांकडे अँड्रॉइड असेल तर गैरसोयीचं.

तिसरी आहे सीएसव्ही फाइल. ती सॉफ्टवेअर नाही, स्वल्पविराम टाकून लिहिलेला साधा मजकूर आहे. बँकेचं स्टेटमेंट अनेकदा असंच मिळतं. तिच्यात सूत्रं, रंग काहीही टिकत नाही, पण ती कुठेही उघडते.

चुकीचा प्रकार निवडला तर?

इंग्लंडमध्ये २०२० साली काय झालं पाहा. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे प्रयोगशाळांमधून कोविड चाचण्यांचे निकाल सीएसव्ही स्वरूपात येत होते. ते एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात. या प्रकारात ६५,५३६ च्याच ओळी मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून निसटले. रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

आपल्याकडचा घोळ लहान, पण रोजचा. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं एक्सेल परस्पर काढून टाकतं, कारण त्याला तो आकडा वाटतो. १५ पेक्षा जास्त अंक असतील, तर पुढचे अंक चक्क शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. शिष्यवृत्ती किंवा अनुदानाच्या यादीत असं झालं, तर पैसे कुठे अडकले हे शोधत बसावं लागतं. उपाय सोपा आहे: क्रमांक भरण्याआधी तो रकाना निवडून त्याचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. आधी भरून मग बदललं, तर उपयोग नाही.

मराठीचा प्रश्न आणखी वेगळा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेली यादी मोबाइलवर उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. नवी यादी युनिकोडमध्येच करा, सॉफ्टवेअर कोणतंही असो.

बटणं शिकवतात, विचार नाही

संगणकाच्या क्लासमध्ये कोणतं बटण कुठे आहे हे शिकवलं जातं. आवृत्ती बदलली, बटण हललं की शिकणारा अडतो. सेलचा पत्ता, सूत्र आणि आकडा-मजकूर यातला फरक समजला, तर एक्सेल काय आणि कॅल्क काय, दोन दिवसांत हात बसतो. आणि फाइल शेअर करताना परवानगी कशी द्यायची, हा तर स्वतंत्र धडा हवा. गुगल शीट मुळात खासगीच असते. घाईत आपणच ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडतो आणि ती लिंक ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत राहते.

आज एवढं करा: तुमच्या सोसायटीची किंवा गटाची शीट उघडा, ‘शेअर’वर जा आणि तिथे काय निवडलं आहे ते पाहा. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ असेल, तर ते बंद करून फक्त समिती सदस्यांचे ई-मेल टाका. इतरांना हिशेब दाखवायचा असेल, तर आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने नसलेली वेगळी फाइल बनवा. रकाना नुसता लपवून भागत नाही. तो पुन्हा उघडता येतो.